पण, तरी आणि मात्र : इंग्रजीतली विरोधदर्शक अव्यये



एकाच आठवड्यात आमच्या घरात इंग्रजीच्या दोन चुका निघाल्या. पहिली कन्येच्या वहीत. तिने लिहिले होते, 'ऑल्दो इट वॉज हॉट, बट वुई वेंट टू द बीच.' बाईंनी त्यातल्या 'बट'वर लाल रेघ मारली होती. आम्ही वही पाहिली आणि तिचीच बाजू घेतली. 'जरी' आले की मागोमाग 'तरी' आलेच पाहिजे, हे आमच्या मराठी माध्यमाच्या डोक्यात पक्के बसलेले! त्यावर कन्या म्हणाली, "बाबा, मग तुम्हीपण ऑफिसात असंच लिहिता?"

दुसरी चूक नेमकी ऑफिसातच निघाली, आणि ती वहीतल्या चुकीपेक्षा बरीच महाग पडली. तिची हकिगत पुढे येईल. पण त्या निमित्ताने आम्ही हा विषय मुळापासून उकरून काढला. आपल्यापैकी बरेच जण पाचवीत इंग्रजी सुरू केलेले (महाराष्ट्रात सरसकट पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली). काहींच्या घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमालाही असेल. व्याकरणाचे नियम आपल्याला पाठ असतात, आणि तरीही ई-मेल लिहिताना हात अडतो तो अशा लहान शब्दांपाशीच. मुलांचा अभ्यास घेताना आणि स्वतःची पत्रे तपासताना हाताशी असावे म्हणून हे टिपण.

१. आधी मराठीतले पाहू

दोन वाक्ये जोडणारा शब्द म्हणजे उभयान्वयी अव्यय. शाळेत त्याचे दोन मोठे गट शिकवतात. पहिला प्रधानत्वसूचक. यात दोन्ही वाक्ये सारख्या मानाची असतात. 'पण', 'परंतु', 'परी', 'बाकी' ही न्यूनत्वबोधक अव्यये याच गटातली. दुसरा गौणत्वसूचक. यात एक वाक्य मुख्य आणि दुसरे त्याच्यावर अवलंबून. 'जरी-तरी' ही जोडी या गटातली.

इंग्रजीतही नेमकी हीच विभागणी आहे. 'बट' पहिल्या गटात, 'ऑल्दो' दुसऱ्या गटात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा साचा होता, त्यामुळे संज्ञा अशा जुळतात यात नवल नाही. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर हीच ठेवा: कोणते वाक्य प्रधान आणि कोणते गौण, हे जोडणारा शब्द ठरवतो.

२. बट

सर्वांत सोपा शब्द. दोन वाक्यांच्या मधे येतो आणि त्याच्या आधी स्वल्पविराम देतात.

'बहारीन इज अॅन आयलंड, बट यू कॅन ड्राइव्ह टू सौदी अरेबिया.' बहारीन बेट आहे, पण सौदीला गाडीने जाता येते. (१९८६ साली खुला झालेला सुमारे २५ किलोमीटरचा किंग फाहद कॉजवे आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहेच.)

मराठी 'पण'ला आणखी एक काम असते. 'मी पण येतो' यातला 'पण' म्हणजे 'सुद्धा'. तिथे इंग्रजीत 'बट' चालत नाही, 'टू' किंवा 'ऑल्सो' लागतो. इथे वाढणाऱ्या मुलांना हा दुहेरी 'पण' आवर्जून समजावून सांगावा.

३. ऑल्दो, दो, ईव्हन दो

तिघांचा अर्थ जवळपास एकच. 'दो' बोलण्यात जास्त, 'ऑल्दो' लिहिण्यात जास्त, आणि 'ईव्हन दो' जरा जोर देऊन.

आता कन्येच्या वहीकडे येऊ. मराठीत 'जरी ऊन होते तरी आम्ही गेलो' असे म्हणतो. यातला 'जरी' गाळला तरी चालते: 'ऊन होते तरी आम्ही गेलो.' पण 'तरी' गाळून पाहा: 'जरी ऊन होते, आम्ही गेलो.' कानाला खटकते ना? इंग्रजीत बरोबर उलटे आहे. तिथे 'जरी' ठेवतात आणि 'तरी' गाळतात. आम्ही कन्येला असे सांगितले: मराठी 'तरी' राखते, इंग्रजी 'जरी' राखते.

म्हणून:
चूक: 'ऑल्दो इट वॉज हॉट, बट वुई वेंट.'
बरोबर: 'ऑल्दो इट वॉज हॉट, वुई वेंट.'
हेही बरोबर: 'इट वॉज हॉट, बट वुई वेंट.'

जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत 'दो... येट' अशी जोडी सापडते. ती चूक नाही, मात्र आता जुनाट वाटते. 'दो... बट' ही जोडी मात्र चूकच.

ही चूक फक्त मराठी माणूसच करतो असे समजू नका. अरबीतही 'जरी'च्या पुढे 'तरी'सारखा शब्द जोडण्याची पद्धत आहे, त्यामुळे अरबी भाषकांच्या इंग्रजीतही 'ऑल्दो... बट' आढळते. चिनी विद्यार्थ्यांचेही तेच. आणि हिंदीतला 'लेकिन' मूळचा अरबी 'लाकिन'च बरे का! इथल्या सहकाऱ्यांच्या बोलण्यात तो दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो.

'दो' वाक्याच्या शेवटीही येतो: 'इट वॉज गुड, दो.' आपण 'छान झालं होतं पण!' म्हणतो, त्याच्या जवळ जाणारी ही लकब आहे. ती बोलण्यात शोभते, ऑफिसच्या पत्रात टाळावी. 'ऑल्दो' असा शेवटी येत नाही.

४. ईव्हन दो आणि ईव्हन इफ

इथे मराठी माणूस हमखास घसरतो, कारण मराठीत दोन्हींना 'तरी'च आहे.

'पाऊस पडत होता तरी आम्ही गेलो.' पाऊस खरोखर पडला. इथे 'ईव्हन दो'.
'पाऊस पडला तरी आम्ही जाऊ.' पडेल किंवा पडणारही नाही. इथे 'ईव्हन इफ'.

कसोटी सोपी आहे. गोष्ट खरी असेल तर 'दो', नुसती शक्यता असेल तर 'इफ'. 'ईव्हन दो द क्लायंट रिफ्यूजेस' असे लिहिले तर क्लायंट नाही म्हणतोय असा अर्थ होतो. त्याने अजून तोंडही उघडलेले नसेल तर 'ईव्हन इफ' लिहा.

५. डिस्पाइट, इन स्पाइट ऑफ

अर्थ 'असूनही', 'असतानाही'. यांच्यापुढे पूर्ण वाक्य येत नाही. नाम येते, किंवा 'इंग' लावलेले क्रियापद. मराठीतही 'थकलेला असूनही' या तुकड्याला स्वतःचे पूर्ण क्रियापद नसतेच, तेव्हा ही जुळणी लक्षात ठेवायला सोपी आहे.

'डिस्पाइट बीइंग टायर्ड, ही फिनिश्ड द वर्क.' थकलेला असूनही त्याने काम संपवले.
'डिस्पाइट द हीट, द ट्री ऑफ लाइफ इज ग्रीन.' एवढ्या उष्म्यातही ट्री ऑफ लाइफ हिरवे आहे. (वाळवंटात एकटे उभे असलेले हे झाड सुमारे चारशे वर्षांचे मानले जाते. पाहुणे आले की आपण दाखवायला नेतो तेच.)

नेहमीची चूक म्हणजे 'डिस्पाइट ऑफ'. 'ऑफ' फक्त 'इन स्पाइट'ला लागतो. पूर्ण वाक्य जोडायचेच असेल तर 'डिस्पाइट द फॅक्ट दॅट' असे लिहावे लागते. त्यापेक्षा सरळ 'ऑल्दो' बरा.

६. हाउएव्हर म्हणजे आपला 'मात्र'

'सगळे आले. तो मात्र आला नाही.' मराठीत 'मात्र' वाक्याच्या सुरुवातीला न येता एखाद्या शब्दानंतर येतो. 'हाउएव्हर'लाही ही जागा चालते: 'ही, हाउएव्हर, डिड नॉट कम.' तो वाक्याच्या सुरुवातीलाही येऊ शकतो.

खरी गंमत विरामचिन्हांत आहे. 'बट' दोन वाक्ये जोडतो, 'हाउएव्हर' जोडत नाही. म्हणून त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा आणि नंतर स्वल्पविराम.

चूक: 'द रोड वॉज क्लोज्ड, हाउएव्हर वुई रीच्ड ऑन टाइम.'
बरोबर: 'द रोड वॉज क्लोज्ड; हाउएव्हर, वुई रीच्ड ऑन टाइम.'

'हाउएव्हर'चा दुसरा अर्थ 'कितीही' असा आहे: 'हाउएव्हर हार्ड आय ट्राय' म्हणजे 'मी कितीही प्रयत्न केला तरी'. त्यानंतर लगेच स्वल्पविराम येत नाही.

'नेव्हरदलेस' म्हणजे 'तरीसुद्धा'. तो अधिक औपचारिक आहे, पण विरामचिन्हांचे नियम 'हाउएव्हर'चेच. 'स्टिल' आणि 'येट' हे साधे भाऊ. 'येट' तर 'बट'सारखा दोन वाक्यांच्या मधेही बसतो: 'ही इज रिच, येट ही लिव्ह्ज सिम्प्ली.'

७. व्हाइल, व्हेअरॅज

यात तक्रार नसते, दोन बाजू शेजारी ठेवलेल्या असतात. मराठीतला 'तर' हेच काम करतो.

'बहारीन इज अॅन आयलंड, व्हेअरॅज कतार इज अ पेनिन्सुला.' बहारीन बेट आहे, तर कतार द्वीपकल्प.
'ऑफिसेस इन मनामा आर क्लोज्ड ऑन फ्रायडे, व्हाइल ऑफिसेस इन पुणे आर ओपन.' शुक्रवारी मनामातली ऑफिसे बंद, तर पुण्यातली चालू. (आणि फोन आपल्यालाच येतात!)

'व्हाइल'चा दुसरा अर्थ 'असताना'. घोटाळा होण्याची भीती वाटली तर 'व्हेअरॅज' वापरावा.

८. ऑन द कॉन्ट्ररी आणि ऑन द अदर हँड

दोन्ही एकच समजून वापरले जातात, पण अर्थ वेगळे आहेत.

'ऑन द कॉन्ट्ररी' म्हणजे 'छे, उलट'. आधीचे म्हणणे खोडायचे असते. 'द समर हिअर इज नॉट ड्राय. ऑन द कॉन्ट्ररी, इट इज व्हेरी ह्युमिड.' इथला उन्हाळा कोरडा नाही, उलट चांगलाच दमट आहे.

'ऑन द अदर हँड' म्हणजे 'दुसरीकडे पाहता'. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. मोठे घर हवे तर ऑफिसपासून लांब राहावे लागते. ऑन द अदर हँड, मुलांना खेळायला जागा मिळते.

९. वजन कुठे पडते?

आता ती ऑफिसातली हकिगत. आमचा गट एका क्लायंटच्या शाखांची माहिती जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवत होता. गुरुवारी संध्याकाळी काम आटोपत आले. दोन शाखा राहिल्या होत्या. त्या होईपर्यंत तिथे जुनीच यंत्रणा चालू ठेवायला हवी होती. घरी जायच्या घाईत आम्ही मेल लिहिला: 'द डेटा हॅज बीन मूव्ह्ड, ऑल्दो टू ब्रँचेस आर पेंडिंग.'

व्याकरणात एकही चूक नाही. क्लायंटच्या साहेबांनी मोबाइलवर वाचले आणि जुनी यंत्रणा सगळीकडे बंद करायला सांगितली. रविवारी सकाळी त्या दोन शाखा उघडल्या, तर काउंटरवरचे पडदे रिकामे आणि समोर माणसांची रांग. दुपारपर्यंत ती रांग हलली नाही. आमचे म्हणणे एकच, "आम्ही लिहिलं तर होतं!" आमचे एक ज्येष्ठ मल्याळी सहकारी आहेत. त्यांनी मेल दोनदा वाचला आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही लिहिलं होतं खरं, पण लपवून लिहिलं होतं."

ते बरोबर होते. 'ऑल्दो'चे वाक्य गौण असते, आणि घाईतला वाचक गौण गोष्ट गौणच धरतो. आम्ही सर्वांत महत्त्वाची बातमी गौण वाक्यात ठेवली होती. लिहायला हवे होते ते असे: 'द डेटा हॅज बीन मूव्ह्ड, बट टू ब्रँचेस आर पेंडिंग. प्लीज डू नॉट स्टॉप द ओल्ड सिस्टिम.'

मराठीत हे आपल्याला आपोआप कळते. 'मुलगा हुशार आहे, पण आळशी आहे' आणि 'मुलगा आळशी आहे, पण हुशार आहे' यांत माहिती तीच आहे. तरी पहिले ऐकून आईबाप काळजीत पडतात आणि दुसरे ऐकून खूश होतात. 'पण'च्या नंतर जे येते तेच मनात राहते. परक्या भाषेत आपण शब्दांचे अर्थ सांभाळतो आणि हे वजन विसरतो.

म्हणून तीन सूचना:
(क) समोरच्याने ज्या गोष्टीवर काही करायचे आहे, ती 'ऑल्दो'च्या वाक्यात ठेवू नये.
(ख) वाईट बातमी महत्त्वाची असेल तर ती 'बट'च्या नंतर किंवा स्वतंत्र वाक्यात द्यावी.
(ग) कौतुक करायचे असेल तर ते 'बट'च्या नंतर ठेवावे. 'गुड वर्क, बट लेट' आणि 'लेट, बट गुड वर्क' यांतला फरक हाताखालच्या माणसाला लगेच कळतो. मुलांनाही!

१०. परीक्षेसाठी

महाराष्ट्र बोर्डाच्या पेपरात 'डू अॅज डायरेक्टेड'खाली एकच वाक्य फिरवून लिहायला लावायचे ते आठवते का? तोच सराव आजही उपयोगी आहे:

'द एसी वॉज ऑन, बट द रूम वॉज हॉट.'
'ऑल्दो द एसी वॉज ऑन, द रूम वॉज हॉट.'
'डिस्पाइट द एसी बीइंग ऑन, द रूम वॉज हॉट.'
'द एसी वॉज ऑन. हाउएव्हर, द रूम वॉज हॉट.'

इथून पुढे कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाला जाण्यासाठी आयईएलटीएस देणारी मंडळीही आपल्यात आहेत. तिथल्या लेखनाच्या भागात चार निकषांवर सारखे गुण असतात, त्यांतला एक निकष मजकुराच्या सुसंगतीचा. जोडशब्द त्यात मोजले जातात. पण प्रत्येक वाक्याला 'हाउएव्हर' चिकटवला तर गुण कमीही होतात. जिथे खरा विरोध आहे तिथेच तो शब्द वापरावा.

११. एका दृष्टिक्षेपात

पण, परंतु : बट
जरी-तरी (खरी गोष्ट) : ऑल्दो, दो, ईव्हन दो
तरी (नुसती शक्यता) : ईव्हन इफ
असूनही, असतानाही : डिस्पाइट, इन स्पाइट ऑफ
मात्र, तथापि : हाउएव्हर
तरीही, तरीसुद्धा : स्टिल, येट, नेव्हरदलेस
तर (दोन बाजू) : व्हाइल, व्हेअरॅज
उलट : ऑन द कॉन्ट्ररी
दुसरीकडे : ऑन द अदर हँड

१२. घरचा अभ्यास

मुलांबरोबर बसून ही वाक्ये इंग्रजीत करून पाहा.

१) उशीर झाला होता तरी दुकान उघडे होते.
२) उशीर झाला तरी मी येईन.
३) आजारी असूनही ती शाळेत गेली.
४) बाबा चहा घेतात, तर आई कॉफी घेते.
५) सगळ्यांनी जेवण केले. आजी मात्र जेवली नाही.

उत्तरे: १) ऑल्दो इट वॉज लेट, द शॉप वॉज ओपन. २) आय विल कम ईव्हन इफ इट इज लेट. ३) डिस्पाइट बीइंग इल, शी वेंट टू स्कूल. ४) बाबा ड्रिंक्स टी, व्हाइल आई ड्रिंक्स कॉफी. ५) एव्हरीवन एट. आजी, हाउएव्हर, डिड नॉट ईट.

असो. कन्येने आता 'बट' खोडायला शिकून घेतले आहे. परवा जेवताना ती आईला म्हणाली, "भाजी छान आहे, पण तिखट आहे." आईचा चेहरा पाहून तिने लगेच वाक्य फिरवले, "भाजी तिखट आहे, पण छान आहे." आम्ही मात्र गुरुवार संध्याकाळचा प्रत्येक मेल पाठवण्यापूर्वी आता एकदा थांबतो आणि 'ऑल्दो'च्या पुढे काय ठेवले आहे ते पाहतो. आपणही पाहावे, एवढीच विनंती.